दुबार ओळ

३ मार्च, मंगळवार

निवृत्त होऊन चौदा महिने झाले. आज इतक्या दिवसांनी लाल पेन उघडलं, म्हणून ही वहीसुद्धा उघडतो आहे. चौतीस वर्षं छापखान्यात मराठी-इंग्रजी मुद्रितं तपासली. ही म्हणते, "तुम्ही खोकल्याच्या बाटलीवरचा कागदसुद्धा चुका काढत वाचता. औषध घ्यायचं राहून जातं." तिचं खोटं नाही.

झालं असं, की मुलगी आज चांगली बातमी घेऊन आली. ती इस्पितळाच्या दूधपेढीत काम करते. ज्या आयांना दूध जास्त येतं त्या ते देतात, आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी ते बाटल्यांत गोठवून ठेवतात. तिथले दोन मोठे फ्रीझर सांभाळणाऱ्या बाई परवा निवृत्त झाल्या, आणि ते काम आता मुलीकडे आलं. चार वर्षं हंगामी म्हणून राबते आहे पोर. सहा महिने हे नीट सांभाळलं तर कायम करणार आहेत.

फ्रीझरला एक पेटी लावलेली आहे. आतली थंडी कमी झाली की पेटी भोंगा वाजवते आणि सगळ्यांच्या फोनवर निरोप पाठवते. पेटीतलं सॉफ्टवेअर म्हणे कुणाच्याच मालकीचं नाही. जगभरातली माणसं आपापल्या सवडीने ते फुकट लिहितात, आणि ते वापरायचं कसं याची पुस्तिकाही तेच लिहितात. तिची अकरा छापील इंग्रजी पानं मुलीने माझ्यापुढे टाकली. "बाबा, तुम्हीच वाचा हे. मला तर डोकं दुखायला लागलं."

अकरा पानांत त्रेसष्ट चुका. माझी संध्याकाळ इतकी छान बऱ्याच दिवसांत गेली नव्हती. चौथ्या पानावर, दर महिन्याला पेटी कशी तपासायची त्याच्या पायऱ्या आहेत. चौथी, 'तपासणीचं बटण दाबा.' पाचवी, 'दहा मिनिटं थांबा.' सहावी पुन्हा, 'तपासणीचं बटण दाबा.' तिथे हात आपोआप समासात गेला आणि प्रश्नचिन्ह टाकून आला. छापखान्याचा नियमच तो. शब्द सुधारा, पण लेखकाची ओळ काढायची नाही. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह, आणि निर्णय लेखकाचा. माझ्या अर्ध्याअधिक प्रश्नचिन्हांना चौतीस वर्षांत कुणी उत्तर दिलं नाही, ती गोष्ट वेगळी.

७ मार्च, शनिवार

मुलीने दाखवलं. ती पुस्तिका इंटरनेटवर असते आणि तिच्यातली चूक कोणीही सुधारून पाठवू शकतं. खाली एका चौकटीत आपण काय बदललं ते लिहायचं, मग तिथला राखणदार ते पाहून मान्य करतो. राखणदार हे नाव माझं. त्याला ते लोक दुसरंच काहीतरी म्हणतात. तो कोण, कुठे राहतो, काही माहीत नाही. टोपणनाव घ्यावं लागतं. मी 'लालशाई' घेतलं. ही हसली.

पहिली दुरुस्ती पाठवायला मला एक तास लागला. अवघा एक स्वल्पविराम. चौकटीत लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती.' दुपारी राखणदाराचं उत्तर आलं, "आभार. हा गेली तीन वर्षं सगळ्यांच्या नजरेतून सुटला होता." मी ते उत्तर हिला दोनदा वाचून दाखवलं.

१९ मार्च, गुरुवार

आजवर एक्केचाळीस दुरुस्त्या पाठवल्या आणि सगळ्या मान्य झाल्या. सकाळी फिरून आलो की आधी संगणक. ही म्हणते, तुमची नोकरी पुन्हा सुरू झाली, फक्त डबा द्यावा लागत नाही एवढंच.

राखणदाराने आज लिहिलं, "लालशाई, तुमचं नाव दिसलं की मी वाचतसुद्धा नाही आता. डोळे मिटून मान्य करतो. नोकरी सांभाळून हे करतो मी, तुमच्यामुळे माझा एक तास वाचतो." छापखान्यात मालकांच्या तोंडून असं वाक्य कधी निघालं नाही. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

२४ मार्च, मंगळवार

आज चौथ्या पानाशी आलो. कागदावर टाकलेलं ते प्रश्नचिन्ह आठवलं. चौथी आणि सहावी ओळ अगदी सारखी. ही दुबार ओळ मी झोपेतसुद्धा ओळखेन. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याची नजर वरच्या ओळीवर परत गेली की तीच ओळ पुन्हा जुळायची. आता संगणकावर लिहिणाऱ्यांचंही तेच होत असणार.

इथे समास नाही, प्रश्नचिन्ह टाकायला जागाच नाही. विचारायचं तर वेगळं पत्र लिहावं लागतं, मग चर्चा, मग दहा लोकांची दहा मतं. त्या बिचाऱ्या राखणदाराला आधीच वेळ नाही. शिवाय विचारायचं काय त्यात? चौतीस वर्षं विचारतच आलो. सहावी ओळ काढून टाकली. चौकटीत लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती, दुबार ओळ काढली.' पाठवून चहा गाळेपर्यंत मान्यसुद्धा झालं.

स्वतःच्या अधिकारात एक अख्खी ओळ काढली. लिहून ठेवायला हरकत नाही की आनंद झाला.

२८ मार्च, शनिवार

पूर्ण सुधारलेलं चौथं पान चौकातल्या दुकानात मोठ्या अक्षरात छापून घेतलं आणि वर प्लास्टिकचं आवरण चढवलं. मुलीला दिलं, म्हटलं, "फ्रीझरशेजारी लाव. त्या जुन्या कागदापेक्षा हे शंभरपट बरं." ती म्हणाली, "बाबा, ऑफिसातून सही करून घ्यावी लागेल." मी म्हटलं, "अगं, यात नवीन काय आहे? तेच आहे, फक्त चुका नाहीत." ती हसली आणि घेऊन गेली. एक तारखेला तिची पहिलीच तपासणी आहे.

१२ एप्रिल, रविवार

मुलगी जेवायला आली होती. तिने आल्या आल्या सांगितलं, "बाबा, तुमचा कागद लागला हं. पेटीसुद्धा फार शहाण्यासारखी वागते आहे. आधी दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं की कोकलायची. या महिन्यात एकदाही नाही." मी हिच्याकडे बघितलं. नीट लिहिलेलं असलं की माणसं नीट वागतात आणि यंत्रंही, असं मी म्हटलं. ही म्हणाली, "झालं, आता यंत्रंपण सुधारली यांनी."

तिथल्या बाळांबद्दल सांगत होती. एक नवव्या दिवशीही किलोभरच आहे. त्याला सगळे 'मूठभर' म्हणतात. त्याची आई शिवणकाम करते, तिला दूध येत नाही, म्हणून तो सगळा पेढीच्या दुधावर आहे. दर दोन तासांनी चमचाभर. सांगताना मुलीचा चेहरा पाहण्यासारखा होता.

२१ एप्रिल, मंगळवार

मुलीचा अकरा वाजता फोन आला. आवाज ओळखू येईना.

शनिवारी बाटली काढताना बाजूची एक आडवी पडली होती आणि ती उभी करायची राहून गेली. आज तिने ती बघितली, तर आतलं दूध आडवं गोठलेलं. उभ्या बाटलीत गोठलेलं दूध तळाशीच राहायला हवं. म्हणजे मध्ये ते वितळलं होतं, बाजूला वाहिलं आणि पुन्हा गोठलं. तिने तशीच जाऊन वरिष्ठांना सांगितलं. चौकशी केल्यावर कळलं, रविवारी फ्रीझरच्या भिंतीकडची वीज गेली होती. सोमवारी सकाळी वायरमनने खटका वर केला आणि तो निघून गेला. किती तास गेली होती कुणालाच ठाऊक नाही. पेटी बॅटरीवर चालते, तरी तिने भोंगा वाजवला नाही. एकही निरोप आला नाही.

दोनशे बारा बाटल्या मोरीत ओतल्या. सोमवारी त्यातलीच एक मूठभरला दिली गेली होती.

२२ एप्रिल, बुधवार

मुलीला घरी बसवलं आहे. सोमवारी चौकशी. पेटीच्या नोंदीत निघालं की एक एप्रिलला सकाळी दहा वीसला तिने तपासणी सुरू केली, ती अजून सुरूच आहे. तपासणी सुरू असेपर्यंत पेटी गप्प राहते म्हणे. ती बंद करायची राहिली.

मी म्हटलं, "तू केलीस ना बंद?" ती म्हणाली, "विसरले असेन." एवढंच. माझी मुलगी गॅस बंद केला का ते दोनदा बघून घराबाहेर पडते. ती विसरणार? ज्या पोरीने एका आडव्या बाटलीवरून सगळं पकडलं, स्वतः जाऊन सांगितलं, तिच्यावरच ढकलून मोकळे झाले. मी नाही नाही ते बोललो. ती ऐकून घेत होती, माझ्याकडे बघत नव्हती.

राहायला इथेच आली आहे. येताना आणलेली पिशवी तिने थेट कपाटावर ठेवली. मी खाली काढायला गेलो तर म्हणाली, "असू दे बाबा, हात नका लावू." कपडे असतील.

२३ एप्रिल, गुरुवार

मूठभरला काल रात्रीपासून ताप. दूध पचत नाही. पेढीच्या दुधामुळेच असं अजून कुणी म्हटलेलं नाही. मुलगी फोन हातात धरून बसली आहे, आणि तिच्याजवळ ही. मी या खोलीतून त्या खोलीत फिरतो आहे.

२४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी ठरवलं, राखणदाराला चांगलं खडसावायचं. असली कसली पेटी, जी गप्प बसली तरी कुणाला कळत नाही? मजकूर मनात तयार करून संगणक उघडला.

तिथे आधीच एक तक्रार होती, परवाची. कुठल्याशा देशात बियाणं गोठवून सांभाळणारी कुणी बाई. तिने लिहिलं होतं, "नव्या पुस्तिकेप्रमाणे तपासणी केली आणि आमची पेटी अकरा दिवस मुकी होती. सुदैवाने काही बिघडलं नाही. माझ्या जुन्या कागदावर बटण दोनदा दाबायला सांगितलं आहे. पहिल्यांदा दाबलं की तपासणी सुरू होते, दुसऱ्यांदा दाबलं की बंद. ती सहावी पायरी कुठे गेली?" त्याखाली राखणदार, "शोधतो."

मी चारदा वाचलं.

त्या पुस्तिकेत कुठलीही जागा दाबली की तिथे कुणी कधी काय बदललं ते दिसतं. मी पाचव्या पायरीखाली दाबलं. २४ मार्च. लालशाई. किरकोळ दुरुस्ती, दुबार ओळ काढली.

त्याच दिवशी, दुपारी

ओळ परत घातली. सगळ्यात आधी ते केलं, तेवढं बरं केलं. आणि चौकटीत काय लिहिलं? 'किरकोळ दुरुस्ती.' लिहिताना हात थांबला होता, तरी तेच लिहिलं. मला माझीच किळस आली.

अर्ध्या तासात राखणदाराचं पत्र. फक्त मला. "लालशाई, ती ओळ तुम्ही काढली होती. मी चार सेकंदांत मान्य केली, नोंद आहे. मी वाचली नाही. ओळ परत आली, बरं झालं. पण आणखी कोणाचं काही नुकसान झालं का? तुम्हाला काही माहीत आहे का?"

उत्तर दिलेलं नाही. काय माहीत आहे मला? शेजारच्या खोलीत मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली आहे. एका किलोच्या पोराला ताप आहे. आणि ती पायरी नसलेला कागद मी स्वतः छापून, प्लास्टिक चढवून, मोठ्या अक्षरात तिच्या हातात दिला. पैसे देऊन.

२५ एप्रिल, शनिवार

बोललो नाही. आज तीनदा तिच्या दारापर्यंत गेलो. एकदा विचारलं चहा घेतेस का, एकदा विचारलं खिडकी लावू का, तिसऱ्यांदा काहीच सुचलं नाही.

मनाशी काय काय मांडतो आहे ते लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही. ती म्हणालीच आहे विसरले म्हणून. कदाचित खरंच विसरली असेल. लालशाई म्हणजे मी हे घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. वीज मी घालवली नाही. वायरमनने सांगायला हवं होतं. राखणदाराने वाचायला हवं होतं. हे सगळं खरं आहे, आणि यातल्या एकाचाही मला उपयोग होत नाही.

संध्याकाळी ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तो भिंतीवरचा कागद तुम्ही दिलेलाच होता ना?" मी हो म्हटलं. "मग इस्पितळात कुणी त्याचं नाव कसं काढत नाही?" मी म्हटलं, मला काय माहीत. ती उठली, टेबलाच्या खणातून कागदांची चळत काढली आणि माझ्यासमोर ठेवली. मार्चमधली ती अकरा पानं, लाल शाईने भरलेली. "मला यातलं काही कळत नाही," ती म्हणाली, "पण तुम्ही कालपासून जेवत नाही आहात, आणि पोर तुमच्याकडे बघत नाही. दोघांचं काय चाललंय ते सोमवारच्या आत संपवा."

चौथं पान काढलं. सहाव्या ओळीसमोर समासात माझं प्रश्नचिन्ह तसंच होतं, नीट गोल, खाली टिंब देऊन.

२६ एप्रिल, रविवार

सांगितलं. सकाळी, तिने चूळ भरायच्या आत. उभ्या उभ्या सांगितलं, बसलो असतो तर जमलं नसतं. "ती पायरी मी काढली. पुस्तिकेतून. ती लालशाई मीच आहे."

ती म्हणाली, "माहीत आहे."

खुर्चीवर चढून तिने कपाटावरची पिशवी काढली. आत कपडे नव्हतेच. माझा प्लास्टिक चढवलेला कागद होता. मंगळवारीच, बाटली सापडल्यावर, तिने ऑफिसच्या फायलीतला जुना कागद काढून ताडून बघितला होता. पाच मिनिटांत कळलं. मग भिंतीवरचा काढून पिशवीत टाकला आणि वरिष्ठांकडे गेली.

"कशाला लपवलास?" मी ओरडलोच. "तुझी नोकरी जाईल!"

"आणि तुम्हाला तिथे उभं करू? सगळ्यांसमोर? तुम्हाला ते सहन झालं असतं?" मग तिचा आवाज बदलला. "तसंही सही न घेता कागद मीच लावला होता बाबा. ती चूक माझीच आहे. पण मला वाटलं होतं, तुम्ही बघाल. रोज बघता ना तुम्ही ती पानं. बुधवारी वाटलं, आज सांगतील. मग गुरुवारी. शुक्रवारी सकाळी मी तुमच्या मागेच उभी होते, तुम्ही त्या बियाणंवाल्या बाईंची तक्रार वाचत होतात तेव्हा. मला वाटलं, आता वळतील आणि सांगतील." तिने कागद पिशवीत परत टाकला. "तुम्ही वळलात आणि खिडकी लावू का विचारलंत."

शनिवारी, असं सुधारावंसं वाटलं. खिडकीचं शनिवारी विचारलं होतं. अशा वेळीसुद्धा माझं डोकं चुका शोधतं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

राखणदाराला सगळं लिहिलं. दूधपेढी, बाटल्या, बाळ, मुलगी. खाली टोपणनाव नाही, माझं नाव लिहिलं.

२७ एप्रिल, सोमवार

मुलगी नको म्हणत असताना तिच्याबरोबर गेलो. लांब खोली, लांब टेबल, पलीकडे तिघं. मधोमध बालविभागाच्या प्रमुख डॉक्टर. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. मुलीने तोंड उघडण्याआधी मी तिच्या पिशवीतला कागद काढून टेबलावर ठेवला. त्याशेजारी लाल शाईचं पान. मग काय झालं ते क्रमाने सांगितलं. वगळलं काही नाही, शुक्रवार-शनिवारसुद्धा नाही.

मोठ्या बाईंनी दोन्ही कागद वाचले. सावकाश, बोट ठेवून. असं वाचणारं माणूस मला एरवी आवडलं असतं.

"हे प्रश्नचिन्ह कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं."

"म्हणजे तुम्हाला शंका आली होती."

"हो."

"मग विचारलं का नाही?"

उत्तर तयार होतं. तिथे समास नाही, राखणदाराला वेळ नाही. ते बाहेर आलंच नाही. म्हणालो, "चौतीस वर्षं विचारत होतो, बाई. पहिल्यांदाच कुणाला विचारावं लागणार नव्हतं. त्याचा मोह झाला."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "तू आठवडाभर खोटं बोललीस. ते पान तेव्हाच दिलं असतंस तर आम्ही इतर इस्पितळांना त्याच दिवशी कळवलं असतं. कोण कोण हा कागद वापरतंय, आपल्याला माहीत आहे का?" मुलगी रडली. मला वाटलं होतं, मी सत्य सांगितलं की ती सुटेल. तसं झालं नाही.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मूठभर कसा आहे?" नर्स म्हणाली, "ताप आहेच. आज थोडं दूध राहिलं पोटात."

३० एप्रिल, गुरुवार

राखणदाराचं लांबलचक पत्र. लिहितो, "निम्मी चूक माझी आहे. तुम्ही न विचारता काढली, मी न वाचता मान्य केली, आणि मुळात ती ओळ दोनदा का आहे ते पुस्तिकेत कुणीच लिहिलं नव्हतं." पेटी वापरणाऱ्या प्रत्येकाला त्याने सूचना पाठवली आहे. आणखी चार ठिकाणी पेट्या मुक्या निघाल्या. चारही वेळेत सापडल्या. पंधरा मिनिटांनी तपासणी आपोआप बंद होईल असं सॉफ्टवेअर तो करणार आहे, पण त्याला दोनतीन महिने लागतील. तोवर सगळी भिस्त त्या सहाव्या ओळीवर.

शेवटी लिहिलं आहे, "ती ओळ तुम्हीच नीट लिहा."

दिवसभर त्या एका पायरीवर बसलो. शेवटी साधंच लिहिलं: 'तपासणीचं बटण पुन्हा दाबा. ही ओळ चुकून दोनदा आलेली नाही. हे केलं नाही तर पेटी मुकी राहील.' चौकटीत 'किरकोळ दुरुस्ती' लिहिलं नाही. काय घडलं ते लिहिलं. या वेळी मान्यता यायला दोन तास लागले. त्याने वाचलं असणार.

९ मे, शनिवार

निकाल आला. मुलीची नोकरी राहिली. सही नसलेला कागद लावला आणि खरं लपवलं म्हणून ताकीद, आणि कायम होणं वर्षभर पुढे. फ्रीझर मात्र तिच्याकडेच. मोठ्या बाई म्हणाल्या म्हणे, आडवी बाटली दुसऱ्या कुणाला दिसली नसती.

वर्षभर. चार वर्षांवर अजून एक. ते वर्ष मी तिच्याकडून काढून घेतलं, हे मला रोज आठवणार आहे. ती परवा स्वतःच्या खोलीवर परत गेली. माझ्याशी बोलते, पण कामापुरतं.

मूठभर काल घरी गेला. दीड किलो भरला. ताप दुधानेच आला होता का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मला कधीच कळणार नाही.

१ जून, सोमवार

सकाळी मुलीचा फोन. "बाबा, आज तपासणी आहे. या. मोठ्या बाईंना विचारलंय, त्या हो म्हणाल्या."

फ्रीझरची खोली मी पहिल्यांदाच पाहिली. माझ्या डोक्यात ती मोठी होती. प्रत्यक्षात दोन पांढरे फ्रीझर, एक स्टूल आणि भिंतीवर ती पेटी, जेवणाच्या डब्याएवढी. शेजारी नवा कागद, खाली ऑफिसची सही आणि शिक्का. मुलगी म्हणाली, "तुम्ही मोठ्याने वाचा, मी करते. मनाचं काही घालायचं नाही."

वाचत गेलो. चौथी पायरी. तिने बटण दाबलं. पाचवी, दहा मिनिटं थांबा. आम्ही थांबलो.

दहा मिनिटं फार असतात. ती स्टुलावर बसली, मी भिंतीला टेकलो. फ्रीझर घुं घुं करत होता. मग ती म्हणाली, "मला तुमचा राग त्या ओळीचा नव्हता बाबा."

"माहीत आहे," मी म्हटलं. "खिडकीचा."

"हं. अजून आहे थोडा."

"असू दे."

तिने घड्याळ बघितलं. "वाचा."

मी सहावी पायरी वाचली, शब्दन् शब्द. पेटीकडे गेलेला हात तिने मागे घेतला. "तुम्ही दाबा."

मी दाबलं. काहीच झालं नाही. तोच हिरवा दिवा, तीच घुं घुं. "झालं का? बंद झाली का तपासणी?"

"कळेल आता." तिने फ्रीझरचं दार सताड उघडलं आणि हाताने धरून ठेवलं. थंडगार वाफ आमच्या पायांवर आली. एक मिनिट गेलं, दोन गेली. पेटी गप्प. तिसऱ्या मिनिटाला मी तिच्याकडे बघितलं, ती पेटीकडे बघत होती.

मग भोंगा वाजला. त्या एवढ्याशा खोलीत, कानठळ्या बसतील असा. तिच्या खिशातला फोन वाजला, बाहेर नर्सच्या टेबलावरचा वाजला, आणि माझ्या सदऱ्याच्या खिशातलाही थरथरायला लागला. मी तो काढून बघितला. पेटीचाच निरोप होता, 'फ्रीझर एक, दार उघडं.'

"हा मला कसा आला?"

ती दार लावत होती. भोंग्यावर आवाज चढवून म्हणाली, "तुमचा नंबर घातलाय यादीत. वाजला की कुठेही असलात तरी मला फोन करायचा. आणि काही वाटलं तर विचारायचं. लगेच."

दार लागल्यावर भोंगा थांबला. मी पुन्हा कागदाकडे गेलो आणि सातवी पायरी वाचली.